एटीएम नेटवर्कच्या नकाशावरून दुवा वारंवार नाहीसा होतो: कारणे आणि उपाय

नकाशावर दोन स्विचमधला दुवा लाल होतो किंवा पुसलाच जातो. डिस्कव्हरी, म्हणजे उपकरणे आपोआप शोधण्याची प्रक्रिया, पुन्हा चालवली की तो परत उगवतो आणि चार-आठ दिवसांनी पुन्हा तोच खेळ सुरू होतो. या सगळ्या काळात त्या दुव्यावरची वाहतूक सुरळीत असते, कोणाचीही तक्रार आलेली नसते, आणि तरीही व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर ठामपणे सांगत असते की तिथे काहीच नाही. जुनी एटीएम नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मी स्वतः या दुखण्यावर बरेच महिने चुकीच्या ठिकाणी उपाय करत होतो, म्हणून ते कशामुळे होते आणि कोणत्या क्रमाने शोधावे हे सविस्तर लिहितो आहे. (इथे एटीएम म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, माहिती ‘सेल’ नावाच्या छोट्या, ठरावीक आकाराच्या तुकड्यांत पाठवणारे नेटवर्क तंत्रज्ञान. रोख रक्कम देणाऱ्या यंत्राच्या शोधात आलेल्यांनी इथूनच परतावे.)

सर्वांत आधी एक विनंती. दुवा नाहीसा झाला की हात आपोआप डिस्कव्हरीच्या बटणाकडे जातो, तो आवरावा. नव्या डिस्कव्हरीत जुनी नोंद पुसली जाते आणि दुवा का गेला याचा एकमेव पुरावाही तिच्याबरोबर जातो. दुवा लाल असताना जे तपासता येते, ते तो हिरवा झाल्यावर तपासता येत नाही.

नकाशा येतो कुठून

सॉफ्टवेअर तारा पाहत नाही, ते तक्ते वाचते. प्रत्येक एटीएम पोर्टवर आयएलएमआय नावाचा एक छोटा संवाद चालू असतो. तो व्हीपीआय (पाथचा क्रमांक) ०, व्हीसीआय (त्यातल्या सर्किटचा क्रमांक) १६ या राखीव सर्किटवरून जातो, आणि त्यात एसएनएमपीचेच, म्हणजे उपकरणांची माहिती विचारण्याच्या व बदलण्याच्या प्रोटोकॉलचेच, संदेश आयपी व यूडीपीशिवाय थेट एएएल-५ मध्ये (पॅकेट सेलमध्ये भरणाऱ्या थरात) भरलेले असतात. या संवादात दोन्ही बाजू एकमेकींना स्वतःचा व्यवस्थापनाचा आयपी पत्ता आणि पोर्टचे नाव कळवतात. स्विच ही माहिती एटीएमच्या एमआयबीमध्ये (एसएनएमपीने वाचता येणाऱ्या तक्त्यांच्या संचात), म्हणजे १९९४ च्या आरएफसी १६९५ मध्ये आलेल्या आणि १९९९ मध्ये आरएफसी २५१५ ने बदललेल्या रचनेत, इंटरफेसच्या तक्त्यात शेजाऱ्याच्या रकान्यांखाली लिहून ठेवतो. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या पहिल्या स्विचपासून सुरुवात करते, हे रकाने वाचते, त्यातल्या पत्त्यावर पुढच्या स्विचला विचारते आणि असे करत करत नकाशा विणते.

याचा अर्थ असा की नकाशावरची एक रेघ म्हणजे दोन स्विचनी एकमेकांबद्दल दिलेल्या दोन जबान्या असतात, आणि त्या जबान्या सॉफ्टवेअरपर्यंत तिसऱ्याच वाटेने, म्हणजे नेहमीच्या आयपीवरच्या एसएनएमपीने, पोहोचतात. रेघ गेली तर जबानी चुकली, की जबानी घेऊन येणारी वाट अडली, हा पहिला प्रश्न. मूळ दुव्यावर केबल, कार्ड, ऑप्टिक्स बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी एकदा दोन कार्डे बदलली होती, तेव्हा हे अनुभवाने सांगतो.

दोन्ही कन्सोलवरून जबान्या ताडून पाहा

दुवा लाल असतानाच दोन्ही स्विचच्या कन्सोलवर जावे आणि त्या पोर्टची आयएलएमआयची स्थिती व शेजाऱ्याची माहिती पाहावी. समजा, पहिल्या स्विचवर शेजाऱ्याचा पत्ता नीट आहे, पण दुसऱ्यावर त्या जागी ०.०.०.० आहे आणि पोर्टचे नाव कोरे आहे. अशा वेळी पहिल्याने स्वतःचा पत्ता कळवलेलाच नाही, किंवा दुसऱ्याला तो मिळालेला नाही. काही सॉफ्टवेअर एकतर्फी जबानीवर रेघ काढतात, काही काढत नाहीत, त्यामुळे एकाच नेटवर्कचे दोन सॉफ्टवेअरमधले नकाशे वेगवेगळे दिसू शकतात.

दोन्ही पत्ते भरलेले असूनही रेघ नसेल, तर ते पत्ते सॉफ्टवेअरच्या यादीतल्या पत्त्यांशी अक्षरशः जुळतात का ते पाहावे. स्विचला बहुधा एकाहून अधिक पत्ते असतात: एक व्यवस्थापनाच्या इथरनेटचा, एक लॅन एम्युलेशनच्या (एटीएमवर इथरनेटसारखे नेटवर्क चालवण्याच्या सोयीच्या) क्लायंटचा, कधी एखादा लूपबॅक, म्हणजे कोणत्याही पोर्टशी न बांधलेला आभासी पत्ता. स्विचने आयएलएमआयमधून कोणता पत्ता कळवायचा हे ठरवून दिलेले नसेल, तर काही उपकरणे चालू इंटरफेसपैकी एखादा स्वतःच निवडतात आणि रीस्टार्टनंतर ही निवड बदलू शकते. मग सॉफ्टवेअर एकाच स्विचला दोन स्विच समजते. एक चिन्ह सगळे दुवे घेऊन बसते, दुसरे नकाशाच्या कोपऱ्यात एकटे पडते. उपाय साधा आहे. स्विचवर व्यवस्थापनाचा पत्ता एकच आणि कायमचा ठरवून द्यावा, आणि सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालते तिथल्या नावांच्या यादीत त्या स्विचचे सगळे पत्ते एकाच नावाखाली लिहावेत. वीज जाऊन आल्यावर दरवेळी नकाशा बिघडत असेल, तर नव्वद टक्के शंका याच ठिकाणी घ्यावी, असे माझे मत आहे.

तिसरी शक्यता अशी की मधल्या टप्प्यावर दूरसंचार सेवादात्याचा व्हर्च्युअल पाथ (अनेक सर्किटे एकत्र नेणारी आभासी वाट) आहे. समजा, सेवादात्याने तुम्हाला व्हीपीआय १२ दिला आहे. तुमच्या दोन स्विचमधला आयएलएमआय आता ०/१६ वरून जाऊ शकत नाही, कारण ०/१६ वरचे सेल सेवादात्याच्या पहिल्या स्विचपाशीच संपतात. तो संवाद १२/१६ वरून, सिग्नलिंग (मागणीनुसार सर्किट जोडण्याचे संदेश) १२/५ वरून आणि पीएनएनआय (स्विचमधला मार्ग ठरवण्याचा प्रोटोकॉल) १२/१८ वरून चालवावा लागतो, म्हणजेच त्या पाथला स्विचवर टनेल म्हणून वेगळा इंटरफेस बनवून द्यावा लागतो. तसे केले नसेल तर नकाशावर तुमचा शेजारी म्हणून सेवादात्याचा अनोळखी स्विच दिसतो, किंवा काहीच दिसत नाही. हाताने बांधलेली कायमची सर्किट (पीव्हीसी) मात्र त्याच पाथमधून व्यवस्थित चालत राहतात, कारण त्यांना ना सिग्नलिंग लागते ना आयएलएमआय. वाहतूक चालू आणि नकाशा कोरा, हे चित्र इथे अगदी स्वच्छ दिसते.

वाट अडलेली असते तेव्हा

जबान्या दोन्हीकडे बरोबर असूनही दुवा ये-जा करत असेल, तर दोष त्या वाहून आणणाऱ्या वाटेत असतो. हा भाग सर्वांत फसवा आहे.

आधी वेळेचे गणित करून पाहावे. एका स्विचवर ४,००० व्हर्च्युअल सर्किटांच्या नोंदी आहेत आणि सॉफ्टवेअर प्रत्येकीचे १० रकाने वाचते असे धरू. एका विनंतीत एकच मूल्य मागितले, तर ४०,००० विनंत्या होतात. प्रत्येकीला जाऊन यायला २० मिलिसेकंद लागले तरी एक फेरी ८०० सेकंदांची, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून जास्त होते. पोलिंगचे, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा विचारण्याचे, अंतर पाच मिनिटांचे ठेवले असेल, तर पहिली फेरी संपायच्या आत दुसरी आणि तिसरी सुरू होते, स्विचचा व्यवस्थापनाचा प्रोसेसर दमतो आणि उत्तरे टाइमआउटच्या पलीकडे जातात. काही सॉफ्टवेअर इथे एक अक्षम्य चूक करतात. तक्ता अर्ध्यावर तुटला की उरलेल्या ओळी स्विचवरून पुसल्या गेल्या असे ते गृहीत धरतात. पोलिंगचे अंतर वाढवणे, सर्किटांचा संपूर्ण तक्ता दिवसातून एकदाच वाचणे, आणि स्विच एसएनएमपीची दुसरी आवृत्ती जाणत असेल तर एका विनंतीत अनेक ओळी आणणारी गेटबल्क पद्धत वापरणे, हे यावरचे उपाय आहेत.

गेटबल्क सुरू केल्यावर पुढचा अडथळा उभा राहू शकतो. उत्तराचे पॅकेट मोठे होते. एटीएमवर आयपीसाठी एमटीयू (पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) साधारणपणे ९,१८० बाइटचा धरतात, इथरनेटवर तो १,५०० असतो, त्यामुळे वाटेत पॅकेटचे तुकडे होतात आणि मधल्या फायरवॉलने तुकडे अडवले की उत्तर कधीच पोहोचत नाही. लक्षण असे की स्विचचे नाव किंवा चालू राहिल्याचा काळ विचारला तर लगेच उत्तर येते, तक्ता मागितला की शांतता. एका विनंतीतल्या ओळींची संख्या निम्मी करून पाहावी. तेवढ्याने काम झाले तर कारण सापडले.

मला ज्याने सर्वाधिक छळले ते कारण मात्र याहून वेगळे होते, म्हणून ते जरा जवळून दाखवतो. आमचा दूरचा स्विच सेवादात्याच्या एका व्हर्च्युअल पाथच्या पलीकडे होता. त्याचा दुवा आठवड्यातून एकदा रात्री नाहीसा व्हायचा. सकाळी पाहावे तर पिंग चालू, ओएएम लूपबॅक (पाथ जिवंत आहे का हे पाहणारी एटीएमची स्वतःची चाचणी) हिरवा, सेल दोन्ही टोकांना पोहोचत असलेले. त्या रात्री दोन गोष्टी एकाच वेळी होत होत्या: सॉफ्टवेअरचे साप्ताहिक पूर्ण वाचन आणि दूरच्या ठिकाणाहून मध्यवर्ती सर्व्हरकडे येणारा साप्ताहिक पूर्ण बॅकअप. दोन्ही त्याच पाथमधून, त्याच दिशेने.

करार २ मेगाबिटचा होता. सेल ५३ बाइटचा, म्हणजे ४२४ बिटांचा असतो, त्यामुळे कराराचा कमाल सेल दर सेकंदाला सुमारे ४,७१७ सेल होतो. आमच्या बाजूच्या शेपिंगमध्ये (सेल सोडण्याचा वेग बांधून देणाऱ्या सेटिंगमध्ये) मात्र कोणीतरी, आणि ते कोणीतरी मीच असण्याची दाट शक्यता आहे, ५,२०८ हा आकडा भरला होता. तो आला कुठून? शीर्षाचे ५ बाइट विसरून ४८ बाइटच्या, म्हणजे ३८४ बिटांच्या हिशेबाने भागाकार केला की नेमका तोच आकडा येतो. एरवी पाथ रिकामा असल्याने काही बिघडत नव्हते. बॅकअपने तो भरला की आमचा स्विच ५,२०८ च्या वेगाने सेल सोडायचा, आणि सेवादात्याचे पोलिसिंग, म्हणजे कराराच्या दरावर पहारा ठेवणारी तपासणी, त्यातले नऊ टक्क्यांपर्यंत सेल जादा म्हणून टाकून द्यायचे.

आता एएएल-५ चा स्वभाव लक्षात घ्यावा. पॅकेटचा एक सेल जरी हरवला, तरी टोकाला सीआरसी (चूक ओळखण्यासाठीची पडताळणी-बेरीज) जुळत नाही आणि अख्खे पॅकेट टाकून दिले जाते. १,५०० बाइटच्या आयपी पॅकेटला एनकॅप्सुलेशनचे ८ आणि ट्रेलरचे ८ बाइट धरून ३२ सेल लागतात. नेहमीच्या ८४ बाइटच्या पिंगला तीन पुरतात. ओएएम लूपबॅक तर एकाच सेलचा असतो. सेलची हानी केवळ एक टक्का आणि विखुरलेली आहे असे धरले, तरी पिंग शंभरातले ९७ वेळा पोहोचतो, १,५०० बाइटचे पॅकेट मात्र ७२-७३ वेळाच. आणि ९,१८० बाइटच्या पॅकेटला १९२ सेल लागत असल्याने ते जेमतेम १४-१५ वेळा पोहोचते. हानी वाढली की मोठ्या पॅकेटांची वाट जवळजवळ बंदच होते. बॅकअप टीसीपीवर होता, त्यामुळे हरवलेले पुन्हा पाठवून तो रडतखडत का होईना पूर्ण व्हायचा आणि कोणाला संशय यायचा नाही. एसएनएमपी यूडीपीवर चालते. सॉफ्टवेअर तीन वेळा विचारते आणि स्विच गेला असे जाहीर करते.

हे सिद्ध कसे करावे? पिंग आणि लूपबॅक इथे उपयोगाचे नाहीत, उलट ते दिशाभूल करतात. जिथे एएएल-५ संपते, म्हणजे आमच्या बाबतीत मध्यवर्ती राउटरवर, त्या सर्किटचा सीआरसी चुकांचा काउंटर संध्याकाळी आणि सकाळी टिपून ठेवावा. आमचा काउंटर सहा रात्री जागचा हलला नाही आणि सातव्या रात्री भराभर वाढला. शेपिंगचा दर ४,७०० केल्यावर तो थांबला आणि दुव्याचे नाहीसे होणेही थांबले. दिवसा पडताळणी करायची असेल तर १,४०० बाइटच्या वर आकाराचे शे-दोनशे पिंग पाथ भरलेला असताना मारून पाहावेत.

जाता जाता वापराच्या आलेखाबद्दल सांगतो. १५५ मेगाबिटच्या पोर्टवर ३२ बिटांचा बाइट काउंटर पूर्ण भाराखाली सुमारे २२९ सेकंदांत एक फेरा पूर्ण करतो. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये तो फेरा निसटतो आणि भरलेला दुवा जवळजवळ तीन-चतुर्थांश रिकामा दिसतो. उपकरण ६४ बिटांचे काउंटर देत असेल तर तेच वापरावेत.

पाहता येते, पण बदलता येत नाही

नकाशा ठीक आहे, सर्किटांची यादी दिसते, पण नवे पीव्हीसी बनवायला गेले की सॉफ्टवेअर बराच वेळ थांबून उत्तर आले नाही असे म्हणते. बहुतेकजण इथे टाइमआउट वाढवतात. त्याआधी लिहिण्याची कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) तपासावी. एसएनएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये चुकीच्या कम्युनिटीला परवानगी नाही असे उत्तर मिळत नाही, स्विच विनंती निमूटपणे टाकून देतो. फार तर तो ओळख न पटल्याचा ट्रॅप (स्विचने स्वतःहून दिलेली सूचना) पाठवतो, तो ट्रॅप सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत सापडला की वाद मिटतो. स्विचवरच्या अॅक्सेस लिस्टमध्ये लिहिण्यासाठी वेगळे पत्ते दिलेले नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

परवानगी आहे पण पीव्हीसी बनत नाही, किंवा ते व्हीपीआय/व्हीसीआय वापरात आहे असा निरोप येतो आणि कन्सोलवर तर तसे सर्किट दिसत नाही, तेव्हा अर्धवट राहिलेली ओळ शोधावी. सॉफ्टवेअर पीव्हीसी एका घावात बनवत नाही. ते आधी वाहतुकीच्या वर्णनाची ओळ लिहिते, मग दोन्ही पोर्टांवर सर्किटाच्या टोकाची एकेक ओळ, मग त्यांना जोडणारी क्रॉस-कनेक्टची ओळ, आणि शेवटी ती सक्रिय करते. हे सगळे वाटेतल्या प्रत्येक स्विचवर करावे लागते. मध्येच संपर्क तुटला की अलीकडच्या स्विचवर ओळी पूर्ण, मधल्यावर अर्धवट आणि पलीकडच्यावर शून्य अशी अवस्था उरते. अशा लटकलेल्या ओळी काही मिनिटांत स्वतःहून काढून टाकणे स्विचकडून अपेक्षित आहे, पण सगळे स्विच ते इमानाने करतात असे नाही. एमआयबी ब्राउझरने त्या ओळींची स्थिती पाहावी, आणि जी सक्रिय नाही ती, आधी क्रॉस-कनेक्ट आणि मग टोके, या क्रमाने काढावी. उलट क्रमाने गेलात तर स्विच नकार देतो किंवा निराधार क्रॉस-कनेक्ट मागे राहतो.

सॉफ्टवेअरने निवडलेला व्हीसीआय एखाद्या स्विचला झेपतच नाही असेही घडते. एका बाजूचे पोर्ट व्हीसीआयचे १० बिट वापरत असेल तर तिथे १,०२३ च्या पुढचा क्रमांक चालत नाही, मग दुसऱ्या बाजूला कितीही मोठा चालत असो. शिवाय कार्ड बदलल्यावर किंवा रीस्टार्टनंतर इंटरफेसचे क्रमांक बदलले असतील, तर सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकावर लिहायला जाते आणि भलत्याच पोर्टवर सर्किट बांधून ठेवते. हार्डवेअरला हात लावल्यावर त्या एका स्विचची माहिती नव्याने वाचून घ्यावी, संपूर्ण नेटवर्कची नव्हे.

दराच्या खिडकीत सॉफ्टवेअर किलोबिट मागते आहे की सेल, हे प्रत्येक वेळी पाहावे. माझ्या ५,२०८ ची कथा वर आलीच आहे.

आणि दूरच्या स्विचवर काही बदलायचे असेल तर आपण ज्या सर्किटावरून त्याच्याशी बोलतो आहोत, ते सर्किट त्या बदलाच्या यादीत नाही ना, हे आधी तपासावे. आपण बसलो आहोत ती फांदी तोडण्याचा प्रसंग इथे खरोखर येतो: व्यवस्थापनाच्या पीव्हीसीचा दर बदलायला सॉफ्टवेअर ते आधी काढते आणि मग नवे बांधायला जाते, पण काढल्यानंतर तिथपर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. असा बदल करताना दूरच्या टोकापासून सुरुवात करून अलीकडे यावे, दूरच्या स्विचच्या कन्सोलला मोडेम किंवा दुसरी एखादी वेगळी वाट असावी, आणि ती नसेल तर आधी दुसरे पीव्हीसी वेगळ्या व्हीसीआयवर बांधून, त्यावरून मोठ्या आकाराचे पिंग आणि एक पूर्ण तक्ता आणून पाहून, मगच जुन्याला हात लावावा.